मानेनं दिलेला होकार

“आधी तेल, मग पेट्रोल. उलटं करायचं नाही, ललिता. आणि डबा दहा वेळा हलवल्याशिवाय टाकीला लावायचा नाही.”

जयवंतांना जाऊन चार वर्षं झाली होती, तरी त्यांच्या येझदी मोटारसायकलचं नाव निघालं की ललिताबाईंच्या कानात त्यांचा हा आवाज यायचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, दादरच्या इमारतीखाली जिन्याच्या तोंडाशी उकिडवं बसून त्यांनी नव्या बायकोला हा धडा दिला होता. गाडी जुन्या धाटणीची. तिच्या इंजिनाला तेल मिळतं ते पेट्रोलातूनच, मिसळून द्याल तेवढंच. ते राहिलं तर आतला पिस्टन कोरडा घासत जातो, तापून फुगतो आणि धावती गाडी आहे त्या जागी घट्ट धरून ठेवतो. ललिताबाई जन्मात कधी हँडल धरून बसल्या नाहीत, पण डबा हलवण्याचं काम त्यांच्याकडे लागलं ते तीस वर्षं. पेट्रोलचा वास घेऊन देवघरात जायचं नाही म्हणून दर वेळी त्या दोनदा साबणाने हात धुवायच्या, आणि जयवंत म्हणायचे, गणपतीचा उंदीर बिनपेट्रोलचा आहे म्हणून काय झालं, वाहन ते वाहन.

ते गेल्यावर गाडी ताडपत्रीखाली गेली. थोरला शंतनु पुण्याला असतो. तो दर दिवाळीला म्हणायचा की विकून टाकू, जुन्या गाड्यांना आता हौशी गिऱ्हाइकं मिळतात. धाकटी मनवा ऐकून घ्यायची नाही. सत्तावीस वर्षांची मुलगी, फोर्टला विम्याच्या कचेरीत नोकरी, आणि एका संध्याकाळी चपला काढता काढता तिने सांगून टाकलं की खोपोलीच्या पुढे एक क्लब मातीच्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांची शर्यत भरवतो, त्यात नवख्यांचा वेगळा गट असतो, आणि ती बाबांची येझदी घेऊन उतरणार आहे. ललिताबाईंची तव्यावरची पोळी तिथेच करपली. नाही म्हणून उपयोग नाही हे त्यांना कळत होतं. बापाचाच हट्ट होता तो, जसाच्या तसा. त्यांनी एकच अट घातली. बुधाजी बरोबर असतील तरच.

बुधाजी म्हणजे जयवंतांची गाडी तीस वर्षं सांभाळलेले मेकॅनिक. परळला, बंद पडलेल्या गिरणीच्या जागी आता उंच काचेचे मनोरे उभे आहेत, त्यांच्या पाठच्या गल्लीत त्यांचं गॅरेज. आत दोन गाड्या ठेवल्या की तिसरा माणूस बाहेर उभा राहणार. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, तिला रोज ताजा हार. हल्ली गॅरेज पुतण्या अमित बघायचा, नव्या गाड्या, नवी यंत्रं. पण इंजिन उघडायचं झालं की पंचाहत्तरीला टेकलेल्या काकांनाच हाक जायची. ते लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग म्हणायचे, हिला खोकला आहे, किंवा हिला नुसतं सर्दीपडसं. त्या पेचकसासमोर गल्लीतले सगळे मेकॅनिक गप्प व्हायचे.

चार महिने मनवा कचेरीतून सुटली की परळला जायची. पहिले पंधरा दिवस बुधाजींनी तिला गाडी सुरूच करू दिली नाही. कार्ब्युरेटर खोलायचा, धुवायचा, पुन्हा बसवायचा. बारा वेळा खोलून घेतला. तेराव्या वेळी म्हणाले, आता झोपेत करशील. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, सिलिंडर घासून आणला, चाकांच्या तारा एकेक करून ताणल्या. किक मारताना उलट झटका बसून मनवाच्या नडगीवर जांभळा डाग उठला, तो घरी येऊन तिने पदकासारखा दाखवला. रविवारी पहाटे टेम्पोत गाडी घालून पनवेलकडच्या एका मोकळ्या माळावर सराव. पहिल्या रविवारी ती पाच वेळा पडली, दुसऱ्या रविवारी तीन. मातीवर वळताना ब्रेक नाही मारायचा, गाडीला जाऊ द्यायचं, ही गोष्ट तिच्या हाताला पटत नव्हती. बुधाजी दगडावर बसून सांगायचे, “पोरी, गाडी तुझ्यापेक्षा म्हातारी आहे. तिला रस्ता ठाऊक आहे. तू फक्त आडवी येऊ नकोस.”

एक गोष्ट मात्र त्यांनी तिच्या हाती कधी दिली नाही. पेट्रोलात तेल मिसळण्याची. आदल्या दिवशी मिसळून ठेवलेलं तेल तळाला बसतं असं त्यांचं ठाम मत. म्हणून गाडी सोडायच्या अगदी आधी, लागेल तेवढंच, स्वतःच्या हाताने. मनवाच्या पुढ्यात यायचा तो तयार डबा. त्यामुळे चार महिन्यांत तिला इंजिनाचा सांधा न् सांधा कळला, पण डबा तयार असतो असंच तिच्या डोक्यात बसलं.

ललिताबाईंचा दिवस नेमांनी बांधलेला असतो. पहाटे पोथीचा एक अध्याय, तुळशीला अकरा प्रदक्षिणा, पहिला घास काढून ठेवायचा, सोमवारी एकभुक्त. त्याचा त्यांना कधी भार वाटला नाही. उलट नेम चुकला तर दिवसाची शिवण उसवल्यासारखं वाटायचं. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांनी देवासमोर पळीभर पाणी सोडून संकल्प केला: उद्या डोळे उघडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन, मोबाइललाही हात लावायचा नाही. माझ्या पोरीच्या अंगावर ओरखडा उठू नये.

मनवाला कळल्यावर ती हसली. “म्हणजे मी पहिली आले तरी तू टाळ्याच वाजवणार? आणि शेवटची आले तर? बरंच आहे म्हणा, बोलणी तरी खावी लागणार नाहीत.”

माघातला रविवार होता. सकाळी सातला टेम्पो खोपोलीपुढच्या माळावर पोचला. लाल मातीचा वळणावळणांचा ट्रॅक, कडेला जुन्या टायरांच्या रांगा, भोंग्यावर कुणीतरी नंबर पुकारत होतं. तऱ्हेतऱ्हेच्या जुन्या गाड्या, आणि त्यांच्याभोवती पोटं सुटलेले, हौशी, आनंदी पुरुष. नवख्यांच्या गटात आठ जण, मुलगी एकच. तिच्या जॅकेटावर सत्तेचाळीस नंबर. ललिताबाईंनी तिच्या कपाळाला अंगारा लावला, थोडा टाकीला लावला, आणि टेम्पोतून काढून दिलेल्या घडीच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. पायाशी बुधाजींची हत्यारांची पिशवी. तिच्या तोंडाशी तेलाची नवी बाटली, झाकणावरचं सील तसंच.

पहिल्या फेरीसाठी लागेल तेवढं तेल-पेट्रोल बुधाजींनी घरून आणलेल्या तेलाच्या अर्ध्या बाटलीतून करून दिलं. चार वेढ्यांची फेरी. मनवा आठांत पाचवी आली, आणि पहिल्या पाचांना अंतिम फेरी होती. तिने हेल्मेट काढलं तेव्हा चेहराभर माती आणि मातीतून दिसणारे दात. बुधाजींनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. ललिताबाईंनी खरोखरच टाळ्या वाजवल्या.

अंतिम फेरीला पाऊण तास होता. बुधाजींनी प्लग काढून पुसला, साखळी बघितली, पांढऱ्या डब्यात लागेल तेवढं पेट्रोल मोजून ओतलं. तेवढ्यात त्यांच्या हाताला कंप सुटला. साखरेचा जुना आजार. वेळेवर खाल्लं नाही की त्यांना असं व्हायचं. डबा खाली ठेवून ते ललिताबाईंपाशी आले.

“ताई, डब्यात नुसतं पेट्रोल आहे. तेल घालायचं राहिलंय. मी टेम्पोत जाऊन दोन घास खातो आणि येतो. तोवर पोरीला हात लावू देऊ नका.”

ललिताबाईंनी मान हलवली. स्पष्ट, दोनदा. बुधाजी निश्चिंत झाले आणि टेम्पोकडे गेले. टेम्पो लांब, झाडाखाली उभा होता.

मग भोंग्यावरून पुकारा झाला. मधल्या एका गटातल्या गाड्या कमी पडल्या म्हणून ती फेरी रद्द, नवख्यांची अंतिम फेरी आत्ताच. तीन मिनिटांत रेषेवर या. मनवा पाण्याची बाटली टाकून धावत आली. हेल्मेट चढवलं, पांढरा डबा उचलला आणि टाकीत ओतला. ललिताबाई खुर्चीवरून उठल्या. मुलीची बाही ओढली, टाकीवर हात ठेवला, मान जोरजोरात नाही नाही अशी हलवली.

हेल्मेटच्या आतून मनवा म्हणाली, “आई, सकाळी लावलास ना अंगारा? पुरे आता. सोड.”

ललिताबाईंनी पिशवीकडे बोट दाखवलं. मनवाचं लक्ष रेषेकडे. तिने किक मारली, गाडी एका झटक्यात सुरू झाली. ललिताबाईंनी हँडल धरलं; झेंडा घेतलेला एक माणूस आला आणि अगदी नम्रपणे, काकू मागे व्हा, म्हणत त्यांना खांद्याला धरून बाजूला करून गेला. एक शब्द पुरला असता. ‘तेल’, एवढाच. तो त्यांच्या जिभेवर आला होता, दातांपर्यंत आला होता. पण संकल्प मनवासाठी होता, मनवाच्याच अंगासाठी. तो मोडला आणि तिला काही झालं तर? मागच्या फेरीचं थोडं तेल टाकीत असेल. चारच तर वेढे आहेत. बुधाजी येतील, थांबवतील. असं मनाशी घोकत त्या ओठ मिटून उभ्या राहिल्या, आणि झेंडा पडला.

पहिले दोन वेढे मनवा तिसरी होती. लोक सत्तेचाळीस, सत्तेचाळीस ओरडत होते. तिसऱ्या वेढ्याला, उतारावरून वळणात शिरताना, गाडीचा आवाज एकदम बारीक झाला आणि तुटला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. गाडी आडवी झाली आणि मनवा तिच्यापुढे मातीवरून फरफटत गेली.

“मनू!”

ललिताबाईंचा आवाज सगळ्या माळावर गेला. चार मिनिटांपूर्वी जो एक शब्द निघाला नव्हता, त्याच्या जागी हा निघाला, काही अडचण न येता.

गळपट्टीचं हाड मोडलं होतं आणि डावं मनगट. ट्रॅकवरच्या डॉक्टरांनी बांधून दिलं, आणि दुपारी तीनला ते परळच्या एका इस्पितळात पोचले. शंतनु पुण्याहून निघून तोवर येऊन थांबला होता. मनवाला चाकाच्या खाटेवर एक्स-रेसाठी नेत होते. बुधाजी हातात टोपी धरून भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी ट्रॅकवरच टाकी उघडून पेट्रोल बोटांवर चोळून पाहिलं होतं, त्यामुळे काय झालं ते सगळ्यांना कळलं होतं. शंतनु त्यांना बोलला. आवाज न चढवता बोलला, ते जास्त लागलं. म्हणाला की वय झालं की माणसाने थांबायला शिकावं, दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होतो.

बुधाजींनी ते ऐकून घेतलं. मग ते ललिताबाईंकडे वळले. “ताई, मी तुम्हाला सांगून गेलो होतो ना? तेलाचं?”

त्यांच्या विचारण्यात आरोप नव्हता. अंधारात पायरी चाचपावी तसं ते विचारत होते. शंतनु बघत होता. खाटेवरून मनवाही बघत होती, वेदनेने पांढरी पडलेली. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग तू मला थांबवलं का नाहीस?

“मला नाही आठवत, बुधाजी,” ललिताबाई म्हणाल्या.

बुधाजींनी टोपी डोक्यावर चढवली. “मग नसेल सांगितलं,” ते म्हणाले. “माझ्याच मनात राहिलं असेल.”

ते गेले, आणि मग महिनाभर आले नाहीत.

मनवाच्या खांद्यात मोडल्या हाडावर धातूची पट्टी बसवली. तिला घरी आणल्यावर ललिताबाईंनी तिची वेणी घालायची, घास मोडून द्यायचा, उशी उंच करायची, सगळं केलं. नेम चालूच होते. पण पोथी वाचताना ओळी डोळ्यांखालून निघून जायच्या आणि पान उलटताना कळायचं की काहीच वाचलं नाही. तुळशीच्या प्रदक्षिणा मोजताना आकडा सातवर अडायचा. देवाला काय सांगायचं हेच सुचेना. तुझ्यासाठी गप्प बसले, असं म्हणावं तर दुपारी त्याच तोंडाने खोटं बोलले होते, आणि ते काही देवाने सांगितलं नव्हतं. मनवा बुधाजींचं नाव काढायची नाही. एकदाच म्हणाली की काकांचा फोन लागत नाही, आणि मग उगाचच टीव्हीचा आवाज मोठा केला.

महिना उलटल्यावर एका दुपारी जाईबाई आल्या. बुधाजींची बायको. ललिताबाईंनी त्यांना लग्नकार्यात दोनदा पाहिलं होतं, तेवढीच ओळख. मनवा तपासणीला गेली होती. जाईबाईंनी पेरूंची पिशवी टेबलावर ठेवली, पोरीची विचारपूस केली, पाणी घेतलं. खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, कुठल्याही क्षणी उठता यावं तशा.

मग हळूहळू सगळं निघालं. अमितने काकांच्या हातातून हत्यारं काढून घेतली. वाईट बोलून नाही. काका, आता आराम करा, एवढंच म्हणाला, आणि लांब पेचकस कपाटात घालून कुलूप लावलं. गल्लीतले मेकॅनिक समोर आदराने बोलतात आणि पाठ वळली की बोट डोक्याला लावतात. ते काही नाही, जाईबाई म्हणाल्या, लोकांची तोंडं गिरणीच्या भोंग्यासारखी, वाजणारच. पण हे आता स्वतःवरच विश्वास ठेवत नाहीत. गॅस बंद केला का, हे तीनदा उठून बघतात. दुपारी जेवलो का, असं मला विचारतात, आणि जेवलेले असतात. वहीत लिहून ठेवतात, आज गुरुवार, गोळी घेतली, दूधवाला आला. परवा इस्पितळात मेंदूची तपासणी केली, डॉक्टर म्हणाले वयाच्या मानाने सगळं ठीक आहे. ते काही पटत नाही त्यांना. म्हणतात, डॉक्टरला काय माहीत, मला अजून दिसतंय की मी ताईंसमोर उभा राहून सांगतोय, त्यांनी मान हलवली तेही दिसतंय, आणि ताई म्हणतात असं झालंच नाही. म्हणजे माझं डोकं आता न झालेल्या गोष्टी दाखवायला लागलं.

जाईबाईंनी पदराने कपाळ पुसलं. “मी भांडायला नाही आले. तुमचं पोर मोडलं, तुमचंच दुःख मोठं आहे. मला एवढंच सांगा, तुम्ही तिथं होतात. त्यांचं खरंच डोकं गेलंय का? गेलं असेल तर गेलं. सांभाळीन मी.”

ललिताबाईंना वाटलं, पाणी पुन्हा विचारावं, चहा टाकावा, काहीतरी करावं. त्या उठल्या नाहीत.

“त्यांनी सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “अगदी माझ्यासमोर उभं राहून. मी मान हलवली होती.”

ललिताबाई सांगत गेल्या. संकल्प, पुकारा, बाही ओढली, हँडल धरलं, शब्द गिळला. मग इस्पितळ. सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की जाईबाईंना पुढे झुकून ऐकावं लागलं. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर जाईबाईंना त्यांची समजूत घालावी लागली असती, आणि ते तर फारच झालं असतं.

सगळं ऐकून झाल्यावर जाईबाईंनी पदर खांद्यावर सारखा केला. मग म्हणाल्या, “तुमच्या देवाधर्माचं मला कळत नाही. त्यावर मी बोलणार नाही. पण महिनाभर माझा माणूस स्वतःला वेडा समजतोय, बाई.”

“मी त्यांची माफी मागते. आज संध्याकाळीच घरी येते.”

“घरी नको.” जाईबाई उठल्या. “घरी सांगितलंत तर ते तुम्हालाच जपतील. म्हणतील, जाऊ द्या ताई, झालं गेलं. आणि बाहेर कुणाला कळणार नाही. आमच्या माणसाचं नाव जायला एक दिवस पुरतो. परत यायला चार लोकांत कुणीतरी बोलावं लागतं. गॅरेजात सांगा. अमितसमोर, त्या सगळ्यांसमोर. शनिवारी चारला सगळे असतात. मी त्यांना काही कारण काढून तिथं बसवते. येणार आहात का?”

“येते.”

“वचन?”

ललिताबाईंनी मान हलवली, आणि लगेच तोंडाने म्हटलं, “हो. वचन.”

त्याआधी मनवाला सांगणं भाग होतं. पोरीला दुसऱ्याच्या तोंडून कळावं हे त्यांना नको होतं. शुक्रवार असाच गेला, तोंडाशी आलेलं दर वेळी भाजीचं, औषधाचं काहीतरी होऊन बाहेर पडत होतं. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर, मनवा खिडकीपाशी हात झोळीत घालून बसली होती, तेव्हा त्यांनी समोर बसून सांगितलं. सुरुवातीपासून, काही न गाळता.

मनवाचा चेहरा आधी कोरा झाला. मग तिने झोळीतली बोटं उघडून मिटून पाहिली, जशी तिला व्यायामाला सांगितली होती.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “मी ओतत होते तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“तू ओरडली असतीस तर मी थांबले असते. आई, मी मेले असते. मौन कुणासाठी होतं मग?”

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती लागत नव्हती. दोघी तो आवाज ऐकत राहिल्या. मनवाला सवयीने कळलं असावं प्लगमध्ये काय अडकलंय, कारण तिने ओठ हलवले.

मग ती म्हणाली, “मीही विचारलं नाही काकांना. डबा दिसला आणि ओतला. चार महिने शिकले आणि एवढं विचारलं नाही.” मग खूप हळू, “इस्पितळात ते म्हणाले ना, माझ्याच मनात राहिलं असेल, तेव्हा मला बरं वाटलं होतं. सुटल्यासारखं वाटलं. आणि मग फोन लागत नाही, फोन लागत नाही, असं म्हणत राहिले. मी एकदाच लावला होता फोन, आई. एकदाच.”

ललिताबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मनवाने तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

“आज चारला मी परळला जातेय,” ललिताबाई म्हणाल्या. “गॅरेजात. सगळ्यांसमोर सांगायला.”

“दादाला कळेल.”

“कळू दे. रात्री मीच फोन करीन त्याला. तोही त्यांना बोललाय.”

“मी नाही येणार तुझ्याबरोबर.” मनवाने मान खिडकीकडे वळवली. “माझं मी सांगीन, माझ्या वेळेला. तुझ्यामागे उभी राहून नाही. आणि मला आत्ता तुझ्याशी बोलायचं नाहीये. किती दिवस ते माहीत नाही.”

“बरं,” ललिताबाई म्हणाल्या.

तीन वाजता त्यांनी तोंड धुतलं, साडी बदलली. देवघरासमोर उभ्या राहिल्या. हात जोडले, पण काही मागितलं नाही. नवस नाही, बळ दे नाही. जे मागायचं ते आता देवाकडे नव्हतंच. मनवाच्या पाण्याचा तांब्या भरून तिच्या हाताशी ठेवला, पाकीट फोडून गोळी वाटीत ठेवली.

खाली फाटकापाशी पहिल्या मजल्यावरच्या कांताबाई भाजीची पिशवी घेऊन येत होत्या. त्यांनी सवयीने विचारलं, देवळात निघालात का, आमच्याही वतीने नमस्कार सांगा.

“नाही हो,” ललिताबाई म्हणाल्या. “परळला जायचंय जरा.”

रिकामी बस समोरच उभी होती. तिच्यात त्या चढल्या नाहीत. बसने दहा मिनिटांत पोचवलं असतं, आणि त्यांना पहिलं वाक्य अजून जुळवायचं होतं. हिंदमाताच्या बाजूने, साड्यांच्या दुकानांसमोरच्या गर्दीतून, उन्हाच्या बाजूने त्या चालू लागल्या. ‘अमित, सगळ्यांनी ऐका’ हे बरं, की ‘बुधाजी, तुमचं काही चुकलं नव्हतं’ हे आधी? दुकानाच्या दारातला माणूस, या ताई, नवीन माल बघा, म्हणत होता. त्याच्याकडे न बघता त्या पुढे गेल्या. बुधाजींचंच आधी, असं ठरवलं. बाकीच्यांचं नंतर. रस्ता ओलांडताना त्यांनी ते वाक्य एकदा पुटपुटून पाहिलं, मग थोडं मोठ्याने, आणि चालीचा वेग वाढवला.